थंडीत मुरलेली बिअर

घरी बिअर करायला शिकणाऱ्या माणसाला युरोप-अमेरिकेतले जुनेजाणते हमखास एक सल्ला देतात: पहिल्या फटक्यात लागरच्या वाटेला जाऊ नकोस, आधी एल कर. एल घरातल्या नेहमीच्या तापमानात, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते आणि तीन-चार आठवड्यांत बाटलीतून पेल्यात येते. लागरला १० अंशांच्या आसपासची थंडी लागते आणि ती रात्रंदिवस टिकवावी लागते. आंबण्याचं काम संपल्यावरही ती शून्याच्या जवळ कित्येक आठवडे मुरत ठेवावी लागते. सल्ला शहाणपणाचाच आहे. पण जगात आज विकली जाणारी बहुतेक बिअर लागर असते. नवशिक्याने आयुष्यात चाखलेली पहिली बिअरही बहुधा लागरच असते, त्यामुळे त्याला घरी करून पाहायची असते तीही तीच.

लागर इतकी हट्टी का, हे कळायचं तर तिचा इतिहास पाहावा लागतो. थंडी, चांगलं यीस्ट, भरपूर यीस्ट आणि धीर, या चार गोष्टींवर लागर उभी आहे. त्यातली एकेक गोष्ट उमगायला माणसांना पिढ्या लागल्या. आणि ज्यांना ती उमगली त्यांनी ती कुलूपबंद केली नाही, म्हणून आज ती घरच्या शेगडीवर शक्य झाली आहे.

कृतीचा पहिला भाग सगळ्या बिअरना सारखाच. बार्ली म्हणजे जव भिजवून मोड आणायचे, ते वाळवून-भाजून माल्ट करायचं, माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. दाण्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्सच्या फुलांसकट उकळायचा आणि थंड करून त्यात यीस्ट घालायचं. इथपर्यंत एल आणि लागर एकाच रस्त्याने जातात. एलचं यीस्ट उबेत जोमाने काम करतं आणि फेसाबरोबर वर येतं. लागरचं यीस्ट थंडीत संथपणे काम करतं आणि शेवटी तळाशी बसतं. इडलीचं पीठ मे महिन्यात रात्रीत भांड्याबाहेर येतं आणि डिसेंबरात दुपारपर्यंत हलत नाही, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा फरक वेगळा समजवावा लागणार नाही.

दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात ब्रुअरना एवढं माहीत होतं की हिवाळ्यात केलेली बिअर टिकते आणि उन्हाळ्यातली आंबट होते. कारण कुणालाच माहीत नव्हतं. १५१६ साली इंगोल्श्टाट इथे ड्यूक विल्हेल्म चौथा याने बिअरचा प्रसिद्ध शुद्धतेचा नियम काढला, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्याच वस्तू सांगितल्या. यीस्टचा उल्लेखच नाही. १५५३ साली ड्यूक अल्ब्रेख्ट पाचवा याने आणखी एक पाऊल टाकलं. बिअर करायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच, उन्हाळ्यात भट्टी बंद. खराब बिअरवरचा हा सरकारी तोडगा होता. त्याचा परिणाम मात्र आदेश काढणाऱ्याच्या कल्पनेपलीकडचा झाला. हिवाळ्यातच बिअर होऊ लागल्यावर थंडीत तग धरणारं यीस्ट तेवढं पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिलं. उबेत फोफावणारं यीस्ट आणि उबेत माजणारे जिवाणू आपोआप मागे पडले. ब्रुअर एका घाण्याचा तळगाळ पुढच्या घाण्याला विरजणासारखा वापरत होते आणि नकळत यीस्टची निवड करत होते.

उन्हाळाभर पुरेल एवढी बिअर मार्चमध्ये करून ठेवायची तर जागा थंड हवी. म्हणून म्यूनिकच्या ब्रुअरनी जमिनीखाली तळघरं खोदली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून बर्फ कापून आणायचा आणि पिंपांच्या आसपास रचायचा. तळघराच्या छतावर ऊन पडू नये म्हणून वर खडी पसरली आणि घोडा-चेस्टनटची झाडं लावली, कारण त्यांची पानं रुंद असतात आणि मुळं फार खोल जात नाहीत. उन्हाळ्यात लोक त्या सावलीत येऊन बसू लागले, तिथेच थंडगार बिअर मिळू लागली. गावातल्या खानावळवाल्यांनी गिऱ्हाईक पळवल्याची तक्रार केली. १८१२ साली राजा माक्सिमिलियान पहिला याने मधला मार्ग काढला: तळघरावर बिअर विकायला परवानगी, मात्र खायला पावाशिवाय काही द्यायचं नाही. लोक जेवण घरून बांधून आणू लागले. म्यूनिकच्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये आजही स्वतःचा डबा नेता येतो.

तळघरात काम करणारं ते यीस्ट नेमकं कुठून आलं, हे कोडं अगदी अलीकडे सुटू लागलं. लागरचं यीस्ट ही संकरित जात आहे. तिचं एक मूळ म्हणजे पावात आणि एलमध्ये वापरलं जाणारं नेहमीचं यीस्ट. दुसरं मूळ अनेक वर्षं सापडत नव्हतं. २०११ साली अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया भागात दक्षिणी बीच झाडांवरच्या गाठींमध्ये दिएगो लिब्काइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक रानटी यीस्ट मिळालं. त्याला ‘सॅकरोमायसिस युबायानस’ असं नाव मिळालं. थंडी सोसण्याचा गुण लागरला याच बाजूने आला. पुढे ते तिबेटमध्ये मिळालं आणि नंतर आयर्लंडमध्ये डब्लिनच्या विद्यापीठाच्या आवारातल्या मातीतही. हा संकर कुठे झाला असावा याबद्दल २०२३ साली जर्मन संशोधकांनी जुनी दप्तरं आणि जनुकं यांची सांगड घालून एक अंदाज मांडला: सतराव्या शतकाच्या सुरुवातीची म्यूनिकची राजदरबारी ब्रुअरी, हॉफब्रॉयहाउस. तिथे थंडीतली तपकिरी बिअर आणि गव्हाची एल या दोन्ही परंपरा एका छताखाली आल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकापर्यंत हा सगळा प्रकार परंपरा आणि नशीब यांच्या भरवशावर चालला. तो मोजमापावर आणला दोन तरुणांनी. म्यूनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर १८३३ साली इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेले. ब्रिटिश ब्रुअर तेव्हा एल करत असले तरी कारखानदारीत फार पुढे होते. थर्मामीटर आणि काढ्यातली साखर मोजायचा सॅकरोमीटर त्यांच्या रोजच्या वापरात होता. माल्ट भाजताना धूर दाण्याला लागू न देणाऱ्या भट्ट्याही त्यांच्याकडे होत्या. यजमान सगळं दाखवत नव्हते, तेव्हा पाहुण्यांनी युक्ती केली. आतून पोकळ आणि टोकाला झडप असलेली हातकाठी त्यांनी तयार करून घेतली. आंबणाऱ्या हौदात काठी बुडवायची, नमुना आत घ्यायचा आणि मुक्कामावर जाऊन मोजायचा. ही चोरीच होती आणि झेडलमायरलाही ती तशीच वाटत होती. घरी परतल्यावर ड्रेहरने १८४१च्या सुमारास तांबूस व्हिएन्ना लागर बाजारात आणली. झेडलमायरने म्यूनिकमध्ये मार्चची बिअर नव्या पद्धतीने काढली.

मग आलं पिल्झेन. बोहेमियातल्या या गावाची गोष्ट घरी बिअर करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी, कारण पिल्स्नर ही फिकट लागर जन्मली ती घरोघरच्या बिअरच्या अपयशातून. १२९५ साली गाव वसलं तेव्हा राजाने २६० घरांना बिअर करून विकण्याचा हक्क दिला होता. हक्क होता, दर्जाची हमी नव्हती. १८३८ साली ३६ पिंपं इतकी खराब निघाली की ती नगरपालिकेच्या इमारतीसमोर सगळ्यांदेखत ओतून टाकण्यात आली. हक्कदार नागरिकांनी मग एकत्र येऊन सगळ्यांची मिळून एक ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातल्या फिल्सहोफेनचा तरुण ब्रुअर योझेफ ग्रोल याला बोलावलं. ग्रोल स्वभावाने तुसडा म्हणून ओळखला जाई, पण कामात वाघ होता.

५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला. इंग्रजी धर्तीच्या भट्टीत भाजलेलं फिकट माल्ट, जवळच्या झाटेट्स भागातले सुगंधी हॉप्स, पिल्झेनचं क्षार फार कमी असलेलं मऊ पाणी आणि बव्हेरियन पद्धतीचं थंड आंबवणं, हे सगळं त्यात प्रथमच एकत्र आलं. काढ्याचा तिसरा हिस्सा काढून वेगळा उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा, असं तीनदा. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या जत्रेत पेले भरले तेव्हा लोकांसमोर सोन्याच्या रंगाची, आरपार दिसणारी बिअर होती. तोवर बहुतेक बिअर तपकिरी आणि गढूळ असे. ग्रोलचा करार १८४५ साली संपला, तो गावी परतला आणि वडिलांची ब्रुअरी सांभाळत राहिला. त्याने घालून दिलेली पद्धत मात्र जगाने उचलली. आज हिरव्या-तपकिरी बाटल्यांतून मिळणाऱ्या बहुतेक फिकट लागर तिच्याच वंशातल्या.

यीस्टचा प्रवासही याच काळात सुरू झाला. कोपनहेगनचा ब्रुअर याकोब ख्रिश्चन याकोबसेन १८४५ साली म्यूनिकला गेला. झेडलमायरने त्याला श्पाटेनचं यीस्ट दिलं. रेल्वेचं जाळं अजून पसरायचं होतं, बराच प्रवास घोडागाडीचा होता. यीस्ट उबेने मरू नये म्हणून तो मुक्कामाच्या ठिकाणी डब्यावर थंड पाणी ओतत राहिला, असं सांगितलं जातं. १८४७ साली त्याने कोपनहेगनबाहेर ब्रुअरी काढली आणि मुलगा कार्ल याच्या नावावरून तिला कार्ल्सबर्ग म्हटलं.

तिथेच पुढे शास्त्राने लागरचा हात धरला. १८७५ साली याकोबसेनने ब्रुअरीला जोडून प्रयोगशाळा काढली आणि तिचा नियमच असा केला की तात्त्विक किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कुठलाही शोध गुप्त ठेवायचा नाही. पुढच्याच वर्षी लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला आणि आंबण्यामागे सूक्ष्मजीव आहेत हे पक्कं झालं. पण बिअर अधूनमधून बिघडतच होती. याच प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेनने दाखवून दिलं की दोष फक्त जिवाणूंचा नाही, चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेली रानटी यीस्टंही बिअर नासवतात. त्याने द्रव इतका विरळ केला की एका थेंबात एकच पेशी उरावी. त्या एका पेशीपासून सगळं यीस्ट वाढवलं. नोव्हेंबर १८८३मध्ये कार्ल्सबर्गमध्ये असं निखळ यीस्ट पहिल्यांदा कारखान्यात वापरलं गेलं. हान्सेनने पेटंट घेतलं नाही. कार्ल्सबर्गने ते यीस्ट आणि ती पद्धत इतर ब्रुअरींना खुली केली. याच प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन्सेनने आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी मांडली, जी आज शाळेच्या प्रयोगशाळेतही असते.

राहिली थंडी. बर्फाचा हिवाळा बरा गेला नाही तर उन्हाळ्यात ब्रुअरीवर संकट येई. म्यूनिकच्या पॉलिटेक्निकमधला प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे थंडी तयार करणाऱ्या यंत्राच्या गणितात गुंतला होता. प्रयोगाला जागा दिली पुन्हा झेडलमायरच्या श्पाटेनने. मिथाइल ईथरवर चालणाऱ्या पहिल्या यंत्रात अडचणी होत्या. १८७६च्या सुमारास लिंडेने अमोनियावर चालणारं यंत्र सिद्ध केलं, आणि ड्रेहरच्या त्रिएस्ते इथल्या ब्रुअरीने ते घेतलं. आता लागर कुठल्याही महिन्यात, कुठल्याही देशात होऊ शकत होती. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचं कूळ शोधत गेलं तर ते बिअरच्या तळघराशी जाऊन पोचतं.

ज्यांच्याकडे बर्फही नव्हता आणि यंत्रही नव्हतं, त्यांनी काय केलं? सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात गेलेल्या जर्मनांनी सोबत लागरचं यीस्ट नेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गार हवेत, रुंद उथळ हौदांमध्ये काढा निववून त्यांनी ते उबेतच आंबवलं. त्यातून ‘स्टीम बिअर’ नावाचा वेगळाच प्रकार निघाला. लागरचं यीस्ट उबेतही पिण्याजोगी बिअर देऊ शकतं, हा धडा घरच्या ब्रुअरना शंभर-सव्वाशे वर्षांनी फार उपयोगी पडला.

घरच्या बिअरची वाट मात्र कायद्याने अडवली होती. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून बिअरवर बसवला, आणि घरी बिअर करायलाही परवाना लागू लागला. ती अट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंगने उठवली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात वाणसामानाच्या दुकानांतून हॉप्स घातलेल्या माल्ट सिरपचे डबे विकले जात. नाव पाव भाजण्याचं, काम घरच्या बिअरचं. बंदी उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ही चूक दुरुस्त व्हायला ४५ वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी १९७९पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर विक्रीसाठी नव्हे तर घरच्यासाठी करमुक्त करता येऊ लागली. राज्यांनी आपापले कायदे सावकाश बदलले. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची राज्यं २०१३मध्ये आली.

मोकळीक मिळाल्यावर काय होतं हे लवकरच दिसलं. १९८४ साली चार्ली पपाझियनचं घरच्या बिअरवरचं पुस्तक आलं आणि ते पुढच्या पिढीचं पाठ्यपुस्तक ठरलं. त्याच वर्षी बॉस्टनजवळ जिम कूकने खापरपणजोबा लुई कूक यांची लागरची जुनी कृती वडिलांच्या माळ्यावरून खाली काढली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहिली. ती १९८५ साली ‘सॅम्युएल अॅडम्स बॉस्टन लागर’ म्हणून विक्रीला आली. अमेरिकेतल्या लहान ब्रुअरींच्या चळवळीत घरच्या शेगडीवर जमलेल्या या लागरचा वाटा मोठा आहे.

आज नवशिक्या लागर करतो तेव्हा हे सगळं त्याच्या हाताशी आयतं असतं. म्यूनिकजवळच्या वाइहेनश्टेफानमधला ३४/७० हा यीस्टचा वाण जगभर असंख्य ब्रुअरींत चालतो, आणि तोच कोरडा करून साडेअकरा ग्रॅमच्या पाकिटात मिळतो. वीस लिटर काढ्याला एलसाठी एक पाकीट पुरतं, लागरला दोन घालावी लागतात, कारण थंडीत यीस्टची वाढ मंद असते. तळघराच्या जागी जुना फ्रिज. त्याची वीज तापमान-नियंत्रकातून द्यायची आणि नियंत्रकाचा संवेदक पिंपाच्या बाहेरून चिकटवून वर फोमचा तुकडा लावायचा, म्हणजे तो फ्रिजमधल्या हवेचं तापमान न सांगता आतल्या काढ्याचं सांगतो. आकडा १० ते १२ अंशांवर ठेवायचा. पहिले एक-दोन दिवस काहीच घडत नाही. मग झाकणाजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि नवशिके सगळं ओतून द्यायला निघतात. तो गंधकाचा वास आहे. बहुतेक लागर यीस्ट तो सोडतातच आणि मुरताना तो निघून जातो.

खरी कसोटी पुढे असते. साखर बरीचशी संपत आली की तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत वाढवून दोन-तीन दिवस ठेवायचं. यीस्टने आधी बाहेर टाकलेला, लोण्यासारख्या वासाचा डायॲसिटिल हा पदार्थ या उबेत ते स्वतःच परत घेतं. काम झालं की नाही हे बघायला बिअरचे दोन नमुने घ्यावेत. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवावा, दुसरा तसाच. निवल्यावर दोन्ही हुंगावेत. गरम केलेल्यातून पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला तर आणखी दोन दिवस थांबायचं. वास नसेल तर रोज एक-दोन अंशांनी उतरवत शून्य ते दोनवर आणायचं आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. या काळात यीस्ट आणि प्रथिनं तळाला बसतात, चव गोळीबंद होते, रंग निवळतो.

मराठी वाचकाने यातली एक बाजू मात्र पक्की लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि घरच्यापुरती बिअर त्याला अपवाद नाही. राज्यात लागरचं उत्पादन प्रचंड होतं, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्यात मोठ्या कंपन्यांच्या ब्रुअरी आहेत. छोट्या प्रमाणात ताजी बिअर करून तिथेच विकण्याचा मार्ग २००९मध्ये पुण्यात ‘डुलाली’ या छोट्या ब्रुअरीने मोकळा केला, तोही परवान्यानेच. अशा ठिकाणी गव्हाची बिअर आणि एल जास्त दिसतात, याचं एक साधं कारण असं की लागर त्याच टाकीला दीड-दोन महिने अडवून बसते.

परवानगी असलेल्या देशांत राहणाऱ्या आणि पहिली लागर करू पाहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र एक सांगणं आहे. चकचकीत भांडी, महाग हॉप्स, नवनवी उपकरणं यांवर आधी पैसे घालू नका. पहिला खर्च तापमान-नियंत्रकावर करा आणि दुसरा यीस्टच्या दुसऱ्या पाकिटावर. बाकीचं साहित्य एलसाठी घेतलेलंच चालतं.